गिटारचे ‘वा-वा’ पेडल : समजावे कसे, पारखावे कसे

वाद्यांचा विषय निघाला म्हणजे आपल्या तोंडी टाळ, मृदंग, पेटी, तबला ही नावं आधी येतात. आपल्या वर्धा-अमरावतीच्या भागात तर तुकडोजी महाराजांची खंजिरी कोण विसरेल? पण वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या वस्तीत संध्याकाळी एक फेरी मारावी, म्हणजे दुसराही एक आवाज कानी पडतो. (रेल्वेची सिंदी वेगळी, ती सेलू तालुक्यात; हे सिंदी मेघे वर्धा शहराच्या कुशीतलं.) तो आवाज विजेच्या गिटारचा. कॉलेजातली मुलं, लग्नात वाजवणारी ऑर्केस्ट्रातली मंडळी, बेंजो पार्टीतले वादक या साऱ्यांना अलीकडे एका वस्तूची ओढ लागलेली असते. ती वस्तू म्हणजे पायाने दाबायचं ‘वा-वा’ पेडल.

मुलगा घरी येऊन सांगतो, “बाबा, वाह पेडल घ्यायचं आहे.” बाबांना त्यातलं काही उमगत नाही. ते गुरुजींकडे जातात. गुरुजी म्हणतात, “हे काय असतं बुवा?” आणि इकडे कापूस विकून आलेले, किंवा पोराने सुट्टीत कामाला जाऊन साठवलेले पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात जाऊन पडतात. वस्तू चांगली निघाली तर ठीक. नाही तर महिनाभरात ती माळ्यावर जाते आणि पोराचं मनही वाजवण्यातून उडतं. म्हणून या वस्तूचं मर्म आधी समजून घेऊ, आणि मग खरेदीकडे वळू.

प्रथम एक लहानसा प्रयोग. एकच सूर धरा आणि तो न सोडता ‘ऊ – ओ – आ’ असं म्हणा. सूर तोच राहिला, पण आवाजाचा रंग बदलला. गळ्यातून निघणारा सूर एकच असतो. ओठ, जीभ आणि तोंडाची पोकळी त्याला आकार देते. आता तोच सूर धरून भरभर ‘वा, वा, वा’ म्हणा. ओठ मिटतात, उघडतात, आणि आवाजही मिटतो, उघडतो. पेडल करतं ते हेच. गिटारची तार हा गळा, आणि पायाखालचं पेडल हे तोंड!

हे घडतं कसं? कोणत्याही तारेतून एकच एक स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक स्वरही निघत असतात. त्यांना अधिस्वर म्हणतात. उत्तम जुळवलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की कान देणाऱ्याला तीत गांधार ऐकू येतो, तो याच अधिस्वरांपैकी पाचवा. तोंडाचा आकार बदलला की यातले काही अधिस्वर पुढे येतात, काही मागे राहतात. त्यावरूनच आपण ‘ऊ’ कोणता नि ‘आ’ कोणता हे ओळखतो. मोरचंग हे वाद्य पाहा. त्याची पोलादी जीभ एकच स्वर देते, पण वाजवणारा तोंडाच्या पोकळीने त्यातून नाना रंग काढतो. वा-वा पेडल हे मोरचंगाचं विजेवर चालणारं भावंडच समजा.

इथे एक गल्लत टाळायला हवी. तबल्याच्या डग्ग्यावर मनगटाने दाब देऊन आपण घुमारा वर चढवतो, तेव्हा खुद्द स्वरच चढतो. पेडलमध्ये तसं होत नाही. स्वर जिथल्या तिथे राहतो, फक्त त्याचा रंग सरकतो. नळाखाली गुंड भरत आला म्हणजे त्याचा आवाज वर वर चढत जातो, कारण आतली हवेची पोकळी लहान होत जाते. पेडलच्या आतही अशीच एक ‘पोकळी’ आहे, पण ती हवेची नसून विजेची आहे.

झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो. तसंच तारेचं एक वेटोळं आणि एक कंडेन्सर एकत्र जोडले की त्यांना विजेच्या एका ठरावीक लयीची आवड निर्माण होते. त्या लयीच्या आसपासचे स्वर ठळक होतात. पेडलच्या आत असं एक वेटोळं, एक कंडेन्सर, दोन ट्रान्झिस्टर आणि रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा एक फिरता कंट्रोल असतो. पाऊल खाली-वर झालं की दातेरी पट्टी त्या कंट्रोलचं चाक फिरवते, आणि ठळक होणारी जागा सेकंदाला सुमारे ४०० कंपनांपासून २००० कंपनांपर्यंत सरकते. टाच दाबली की ‘ऊ’, चवडा दाबला की तीक्ष्ण ‘आ’. सगळी करामत एवढीच. आपल्या बोलण्यातल्या स्वरांची ओळख पटवणारे अधिस्वरही पुष्कळसे याच पट्ट्यात असतात, म्हणून गिटार बोलते आहे असा भास होतो.

आता ही वस्तू जन्मली कशी, ते ऐका; कारण त्यातच आपल्यासाठी एक बोध आहे. सन १९६६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन नावाची कंपनी इंग्लंडच्या व्हॉक्स अँप्लिफायरची आपली आवृत्ती तयार करीत होती. त्या अँप्लिफायरवर मधल्या पट्टीचे स्वर उठावदार करणारं एक बटण होतं. ते बटण महाग पडे. त्याच्या जागी स्वस्तातला फिरता कंट्रोल बसवावा, असं काम ब्रॅड प्लंकेट या तरुण इंजिनिअरकडे आलं. कंट्रोल बसवून तो फिरवताच आवाज ‘वा-वा’ करू लागला! मग तो कंट्रोल ऑर्गनच्या पायाने चालणाऱ्या पेडलमध्ये बसवण्यात आला, आणि १९६७ मध्ये वस्तू बाजारात आली. सुरुवातीला तिच्यावर क्लाइड मॅकॉय या ट्रंपेटवादकाचं नाव होतं, कारण ट्रंपेटच्या तोंडाशी झाकण धरून असा आवाज तो पूर्वीपासून काढीत असे. आपल्या लग्नाच्या बँडमधल्या ट्रंपेटवाल्यालाही तळहाताने ही युक्ती करता येते. पैसे वाचवण्याच्या खटपटीतून जन्मलेली ही वस्तू आहे; तेव्हा ती घेताना आपणही चार पैसे वाचवले, तर तिचा अपमान होणार नाही.

गिटारवाल्यांनी तिला उचलून धरलं. जिमी हेंड्रिक्सने १९६८ मध्ये तिला अक्षरशः बोलकं केलं. आयझॅक हेज यांच्या १९७१ च्या ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या संगीतात तर चार्ल्स पिट्स या वादकाने डाव्या हाताने तारा जवळजवळ मुक्या ठेवून केवळ पेडलचा ठेका वाजवला. तो ठेका पुढे जगभर गेला.

“पण काकाजी, हे परदेशी वाद्य आपल्याला कशाला?” असं कुणी म्हणेल. पेटी तरी कुठली? ती युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दार बंद केलं आणि १९७१ मध्ये ते पुन्हा किलकिलं केलं. त्या अवधीत गावोगावच्या भजनांतून पेटी काही हटली नाही. ज्याला आपण बेंजो म्हणतो, ते बुलबुल तरंग तर जपानच्या तायशोगोतोचं रूप. तिकडे १९१२ च्या सुमारास नागोया शहरात ते प्रथम बनलं, आणि आज त्याला पिकअप लावून गणपतीच्या मिरवणुकीत आपली पोरं ते वाजवतात. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, तो याच वादकांवर. वाद्य कुठून आलं यापेक्षा ते कुणाच्या हाती कसं बोललं, याला महत्त्व.

आता खरेदी. पण खरेदीच्या आधी फुकटचा एक प्रयोग सांगतो, तो अवश्य करा. विजेच्या गिटारवर ‘टोन’ नावाचा एक कंट्रोल असतो. तार छेडून लगेच करंगळीने तो बंदपासून उघडापर्यंत फिरवा. अस्सल ‘वा’ नव्हे, पण त्याची सावली ऐकू येईल. मोठमोठ्या वादकांनीही ही युक्ती वापरली आहे. आठ दिवस हे करून पाहा. आठ दिवसांत कंटाळा आला, तर पेडलचाही येईल असं समजा, आणि पैसे खिशात राहू द्या. गोडी वाढली, तर पुढे चला.

दुसरी गोष्ट, क्रम. गिटारच्या तारा जुन्या गंजलेल्या आहेत, ती सुरात राहत नाही, अँप्लिफायर फाटका वाजतो, आणि आपण पेडलच्या मागे लागलो, तर तो प्रकार गळक्या छपरावर कळस चढवण्यासारखा आहे. पेडलला निवडायला अधिस्वर भरपूर हवेत. मरगळलेल्या तारेत तेच कमी असतात. तेव्हा आधी नव्या तारा, मग धड केबल, मग अँप्लिफायर, आणि शेवटी पेडल. सर्वांत प्रसिद्ध जे क्राय बेबी पेडल, त्याची नवी किंमत शिकाऊ गिटारच्या किमतीच्या घरात जाते. पेडल गिटारपेक्षा महाग पडू लागलं, की थांबून विचार करावा.

बाजारात मुख्यतः चार वाटा दिसतात. पहिली, जुन्या घाटाची पेडलं : डनलॉप कंपनीचं क्राय बेबी आणि व्हॉक्स कंपनीची पेडलं. व्हॉक्सच्या व्ही-८४७ चं स्वस्त भावंड म्हणजे व्ही-८४५. आवाजात फारसं उणं नाही. ही पेडलं धातूची आणि दणकट असतात. गाडीच्या टपावरून फिरणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांना हीच बरी. दुसरी वाट, प्लॅस्टिकच्या अंगाची स्वस्त पेडलं. बेहरिंगरचं हेलबेब हे त्यांतलं एक. त्यात घासणारा कंट्रोल नसून प्रकाशावर चालणारी योजना आहे, म्हणून कंट्रोल झिजून खरखर होण्याचा प्रश्न त्यात नाही. पट्टा कमी-जास्त करण्याची बटणंही आहेत. घरी आणि शाळेत वाजवणाऱ्याला हे पुरतं. मात्र मांडवात कुणी त्यावर पाय देऊन उभा राहिला, तर त्याच्या आयुष्याची हमी नाही.

तिसरी वाट, अनेक आवाज एकाच डब्यात असलेली यंत्रं. झूम कंपनीच्या जी-वन-एक्स-फोर या यंत्राला पायपट्टी जोडलेलीच असते, आणि ते चार साध्या पेन्सिल सेलवरही चालतं. त्यात ‘वा’ आहे, घुमारा आहे, सूर जुळवायची सोय आहे, तालाचे ठेकेही आहेत. पट्टी लहान असल्याने पावलाला तेवढा ऐसपैस खेळ मिळत नाही, पण वीज जाणाऱ्या गावात शिकाऊ मुलाला एकाच खर्चात सर्वाधिक लाभ इथे होतो, असं माझं मत आहे. चौथी वाट, ‘ऑटो-वा’. यात पायाचं काम नाही. तार जोरात छेडली की आवाज आपोआप उघडतो. वस्तू लहान आणि बहुधा स्वस्त. पण पावलाची हुकमत हवी असेल त्याला हिच्याने समाधान होणार नाही. दुकानात नाव नीट वाचा. ‘वा’ म्हणून ‘ऑटो-वा’ घरी येऊ नये.

जुनं पेडल मिळालं तर? अवश्य घ्यावं, पण बैल पारखतो तसं पारखून घ्यावं. आपली गिटार आणि केबल सोबत न्या. गिटार सरळ अँप्लिफायरला लावून आवाज ऐका. मग मध्ये पेडल जोडा, ते बंद ठेवा आणि पुन्हा ऐका. बंद असतानाही आवाज घुसमटत असेल, तर ते पेडल आवाज खातं आहे. जुन्या घाटाच्या पुष्कळ पेडलांत हा दोष थोडाफार असतो. किती चालेल ते आपल्या कानाने ठरवावं. नंतर पेडल चालू करून पाऊल अगदी सावकाश खाली न्या, वर आणा. मध्ये खरखर आली तर कंट्रोल मळला किंवा झिजला आहे. मळला असेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडच्या साफ करण्याच्या फवाऱ्याने काम होतं. झिजला असेल तर तो बदलावा लागतो, आणि इथे सावध! या पेडलचा कंट्रोल खास घडणीचा असतो. त्याच्या जागी रेडिओचा साधा बसवला, तर आवाजाची उघडझाप पावलाच्या चालीशी जुळत नाही. तेव्हा योग्य भाग मिळेल का हे आधी विचारा आणि त्याची किंमत सौद्यातून वजा करा.

चवड्याखालचं बटण दहा वेळा दाबून पाहा. दातेरी पट्टीचे दाते शाबूत आहेत का, पेडल जिथे सोडलं तिथे थांबतं की आपोआप पडतं, हेही पाहा. पडत असेल तर घाबरू नका. बहुधा बिजागरीचा स्क्रू आवळला की पुरे.

बेंजोवाल्यांसाठी एक शब्द. तुमच्या वाद्याला तारांखाली चुंबकाचं पिकअप असेल, तर पेडल गिटारसारखंच चालतं. पण लाकडावर चिकटवलेली पिकअपची चकती असेल, तर आवाज बारीक आणि किरकिरा येण्याचा संभव असतो. म्हणून वाद्य दुकानात नेऊन, वाजवून, मगच पैसे मोजा.

आता विजेची गोष्ट, आणि ही सर्वांत कान देऊन ऐका. पेडल ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतं, आणि जुन्या घाटाचं पेडल ती बॅटरी फार थोडी खातं. मात्र गिटारची केबल खोचली की बॅटरी चालू होते. म्हणून वाजवून झालं की केबल काढून ठेवा, नाही तर न वाजवताच ती संपेल. अ‍ॅडॉप्टर वापरायचा तर ९ व्होल्टचा, डीसी, आणि पेडलवरच्या खुणेप्रमाणे धन-ऋण जुळणारा हवा. बहुतेक पेडलांत मधला खिळा ऋण असतो, तर घरातल्या पुष्कळ अ‍ॅडॉप्टरांत तो धन असतो. उलटा लावला तर पेडल जळू शकतं.

पेडलच्या ९ व्होल्टने माणसाला काही होत नाही. धोका आहे तो पलीकडे. स्वस्त अ‍ॅडॉप्टरने अँप्लिफायरमध्ये ‘हुंऽऽ’ असा आवाज येतो. मग कुणीतरी शहाणा सांगतो, “अरे, प्लगची अर्थिंगची मोठी पिन काढून टाक, आवाज जाईल.” आवाज जातोही कधी कधी. पण त्या पिनेबरोबर जिवाचं संरक्षणही जातं. गिटारच्या तारा केबलमार्फत अँप्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. अँप्लिफायरमध्ये बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली, अर्थिंग नसलं, आणि हात तारांवर असताना ओठ माइकला लागले, तर वीज हातातून छातीत जाते. अशा अपघातांत जगभरात वादकांनी प्राण गमावले आहेत. म्हणून गुरुजी, आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात इतकं कराच : तीन पिनांचाच प्लग, अर्थिंग तपासलेलं, शक्य तर गळती होताच वीज तोडणारं स्विच, ओल्या मैदानात उघड्या जोडण्या नाहीत, आणि मांडवासाठी खांबावर आकडा टाकलेली वीज तर मुळीच नाही. हुंकार घालवायचा असेल तर पेडल बॅटरीवर चालवा. आवाज थोडा राहिला तरी चालेल. पोरगं घरी परतलं पाहिजे.

शेवटी, पेडल घरी आलं म्हणजे करायचं काय? बहुतेक जण पहिल्या दिवशी पाय हापशासारखा चालवतात आणि दुसऱ्या दिवशी घरचे कान झाकतात. पाऊल हेही ताल धरणारं अंग आहे. केरव्याच्या आठ मात्रा मोजा. पहिल्या चार मात्रांत टाचेवरून चवड्यावर या, पुढच्या चारांत परत जा. हे साधलं की दोन-दोन मात्रांत करा, मग एकेका मात्रेत. तारा मुक्या ठेवून नुसता पायाचा ठेका वाजवून पाहा. नंतर पेडल मध्येच एका जागी स्थिर धरा; तिथे गिटारचा आवाज नाकात बोलल्यासारखा येतो, आणि कित्येक सुंदर तुकडे त्याच जागी वाजतात. आधी ती ओळ तोंडाने ‘वा, ऊ, आ’ अशी म्हणा, मग पायाने काढा. जे तोंडाला म्हणता येत नाही, ते पायाला सुचत नाही.

शिक्षकांना आणखी एक सुचवावंसं वाटतं. ज्या मुलाकडे असं पेडल असेल त्याला विज्ञानाच्या तासाला ते घेऊन यायला सांगा. अनुनाद, अधिस्वर, कंडेन्सर, वेटोळं हे धडे फळ्यावर लिहून जेवढे कळत नाहीत, तेवढे पाच मिनिटांच्या ‘वा-वा’ने कळतील. मागच्या बाकावर बसणाऱ्या, उनाड म्हणून नाव पडलेल्या त्या पोरालाही त्या दिवशी वर्गाला काही शिकवल्याचं समाधान मिळेल. आणि घरच्या मोठ्यांना एवढीच विनंती, की मुलाने ही वस्तू मागितली तर एकदम ‘नाही’ म्हणू नका आणि एकदम पैसेही देऊ नका. आठ दिवस टोनचा कंट्रोल फिरवायला सांगा, नव्या तारा आणून द्या, आणि नवव्या दिवशी त्याच्याबरोबर स्वतः दुकानात जा. तिथे तो वाजवेल तेव्हा डोळे मिटून ऐका. तुमच्याच तोंडून ‘वा!’ निघालं, तर सौदा करायला हरकत नाही.